‘डोळे मिटा’ म्हणण्यापूर्वी

सप्टेंबर महिना संपत आला की माझ्या दवाखान्यात एक गोष्ट न चुकता घडते. औसा, निलंगा, उमरगा या बाजूची, परंतु आता मुलांकडे नांदेडला राहावयास आलेली वयोवृद्ध मंडळी एकामागून एक येऊ लागतात. तक्रारी निरनिराळ्या असतात. कोणाला धडधड होते, कोणाचा रक्तदाब अचानक वाढलेला असतो, कोणाला पहाटे साडेतीन-चारला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. तारखेचा उल्लेख त्यांच्यापैकी कोणीही करीत नाही. पहिली काही वर्षे तो माझ्याही लक्षात आला नव्हता, हे येथेच कबूल करतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे थकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता ६.२ होती. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी आणि आसपासच्या गावांतील दगड-मातीच्या रुंद भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. ५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. मी त्या वेळी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही विद्यार्थ्यांनी जखमा धुतल्या, मोडलेल्या हाडांना फळ्या बांधल्या, सलाइन लावल्या. ‘झोप लागते का?’ हा प्रश्न आमच्यापैकी कोणी कोणाला विचारल्याचे मला स्मरत नाही. भूकंपानंतर महिनाभराने काही मानसोपचारतज्ज्ञांनी वाचलेल्या लोकांची तपासणी केली होती. तिचा वृत्तान्त १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’मध्ये छापून आला. तपासलेल्यांची संख्या थोडी होती, पण त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळले. त्यांत आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य हे प्रमुख होते.

हे सारे आज सांगण्याचे कारण मात्र भूकंप नव्हे, योगवर्ग आहे.

माझ्या एक रुग्ण आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना मी येथे आजी असेच म्हणेन, कारण दवाखान्यातही तसेच म्हणतो. त्यांची अनुमती घेऊन आणि ओळख पटेल असे सारे तपशील गाळून लिहितो आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे आखडले होते, रक्तदाब वर-खाली होत होता आणि झोप जवळजवळ नाहीशी झाली होती. मी गोळ्या बदलल्या आणि अगदी सहजपणे सांगितले, “आजी, तुमच्या वसाहतीत सकाळी योगवर्ग भरतो. तिथे जात चला.” आम्ही डॉक्टर असे सल्ले फार सहज देतो.

आजी पाच दिवस गेल्या आणि थांबल्या. पुढच्या तपासणीला रक्तदाब १८०/१०० होता. मी थट्टेच्या स्वरात म्हणालो, “पाच दिवसांतच कंटाळलात का?” त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून उठल्या. आज त्या थट्टेची मला लाज वाटते. त्यानंतरच्या दोन भेटी तशाच गेल्या. तिसऱ्या भेटीत मुलगा औषधे आणावयास बाहेर गेला असता त्या म्हणाल्या, “डोळे मिटले की माळवद दिसतंय, लेकरा. अन् त्या बाई म्हणतात, हलायचं नाही.”

मग हळूहळू कळले. त्या पहाटे आजी छातीपर्यंत मातीत पुरल्या गेल्या होत्या. बाहेर काढेपर्यंत दहा वाजले. तोंडात माती होती, श्वास ओढला की ती आत जाई. शेजारी झोपलेली नणंद आधी बोलत होती, नंतर बोलेनाशी झाली. वर्गाच्या पाचव्या दिवशी रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून सभागृहाचे दार लोटून घेतले गेले, दिवे मालवले गेले आणि शवासन सुरू झाले. डोळे मिटा. अजिबात हालचाल करायची नाही. दीर्घ श्वास घ्या आणि आत रोखा. शरीर जड होत आहे, जमिनीत रुतत आहे. आजींचे खांदे ताठ दिसले म्हणून शिक्षिकेने मागच्या बाजूने येऊन ते हलकेच दाबले. आजी उठून, चपला न घालता, बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. वर्गात कोणीतरी म्हणाले, वय झाले की चित्त स्थिर राहत नाही.

वाचकहो, वरच्या सूचना पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यांत एकही शब्द वावगा नाही. महाराष्ट्रातील शेकडो वर्गांत रोज हेच शब्द उच्चारले जातात आणि बहुतेकांना त्यांनी शांत वाटते. परंतु ज्या शरीराला एकदा खरोखरच हलता आले नव्हते, ज्याचा श्वास खरोखरच कोंडला होता, त्याला या सूचना योगाच्या राहत नाहीत. मेंदूतील धोक्याची घंटा विचार करणाऱ्या भागाची वाट पाहत नाही. तिला ओळखीची खूण पुरते. काळोख, अंगावरचा भार, मागून आलेला हात, ‘हलू नका’ असा आवाज. माणूस नांदेडच्या सभागृहात सतरंजीवर असतो, शरीर मात्र त्या पहाटेच्या मातीत जाऊन पोहोचलेले असते. नाडी जोराने चालू लागते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. काही जणांचे याच्या उलट होते. ते अगदी निश्चल पडून राहतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत. शिक्षकाला वाटते, काय सुंदर शवासन लागले आहे.

आणि ते नाव! शव या शब्दाची सवय आपल्याला इतकी झाली आहे की तो कानाला टोचत नाही. ज्यांनी एका दिवसात सरणांच्या रांगा पाहिल्या, त्यांना तो टोचतो. परंपरेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. पण वृद्धांच्या वर्गात त्या स्थितीला नुसते ‘विसावा’ म्हटल्याने काय बिघडते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

आघात सोसलेल्यांना योग कसा शिकवावा, याचा पद्धतशीर विचार या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ट्रॉमा सेंटर या संस्थेत झाला. डेव्हिड इमर्सन हे योगशिक्षक आणि बेसल व्हॅन डर कोल्क हे मानसोपचारतज्ज्ञ त्यात प्रमुख होते. २०१४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६४ स्त्रिया होत्या. त्यांचा आघातोत्तर ताणविकार जुना आणि उपचारांना दाद न देणारा होता. निम्म्या स्त्रियांना दहा आठवडे अशा योगाचा वर्ग दिला, उरलेल्यांना आरोग्यशिक्षणाचा. शेवटी योगाच्या गटातील ५२ टक्के स्त्रिया त्या विकाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या, दुसऱ्या गटातील २१ टक्के. त्या स्त्रिया आपल्या आजींच्या वयाच्या नव्हत्या, आपल्या मुलखातल्याही नव्हत्या, म्हणून या आकड्यांवरून मी कोणाला आश्वासन देणार नाही. मला त्यात महत्त्वाची वाटली ती शिकवण्याची रीत. आसने साधीच होती. निराळी होती ती शिक्षकाची भाषा. हुकूम नाही, आमंत्रण. प्रत्येक वेळी निवड शिकणाऱ्याच्या हाती. न विचारता अंगाला हात लावणे नाही. आसन कसे दिसते यापेक्षा आत काय जाणवते, याकडे लक्ष. आघात याचा अर्थच असा की त्या घटकेला माणसाच्या हाती काही उरले नव्हते. म्हणून सावरण्याची सुरुवात ‘हात उचलू की नको’ इतक्या लहान निर्णयापासूनही होऊ शकते.

हे इंग्रजीतले मराठीत आणताना मात्र अडचण येते. ती मला त्या योगशिक्षिकेमुळेच उमगली. मी तिला भेटावयास गेलो तेव्हा ती प्रथम दुखावली, आणि ते साहजिकच होते. ती निवृत्त शाळाशिक्षिका, पैसे न घेता वर्ग चालविणारी, वेळेची पक्की. म्हणाली, “डॉक्टर, शिस्त नसेल तर वर्ग कसा चालेल?” मी म्हटले, शिस्त वेळेची असू द्या, शरीराची नको. मग आम्ही दोघे तिच्या ओसरीत बसून तिची एकेक सूचना कागदावर उतरवू लागलो. आपण योग जवळजवळ संपूर्णपणे आज्ञार्थात शिकवतो, हे तेव्हा दिसले. मिटा, सोडा, रोखा, वाका, उचला. आज्ञार्थ मऊ करावा म्हणून आपण विध्यर्थाकडे वळतो, ‘डोळे मिटावेत’, ‘श्वास सोडावा’. ऐकायला सभ्य वाटते, पण तेही फर्मानच, फक्त सरकारी कागदावरचे. ‘आपण सारे आता डोळे मिटू या’ हे त्याहून गोड, आणि त्यात नकाराला जागा त्याहूनही कमी, कारण सारे मिटत असताना एकट्याने उघडे कसे ठेवायचे?

आपल्या बोलीत निवडीचे शब्द नाहीत असे मात्र नाही. ते जेवणाच्या पंगतीत भरपूर आहेत. ‘हवं तर’, ‘जमेल तेवढं’, ‘वाटलं तर’, ‘नको असेल तर राहू द्या’. आग्रह आणि मोकळीक यांतला फरक आपल्याला पानावर वाढताना चांगला कळतो. तोच सतरंजीवर न्यावयाचा. तिच्या कागदावर शेवटी उरले ते असे: “डोळे हवे तर मिटा, नाहीतर समोर जमिनीवर एका जागी नजर ठेवा. दोन्ही चालतं.” “हात खांद्यापर्यंत आणून पाहा. तिथंच थांबावंसं वाटलं तर थांबा.” “श्वास जसा चालू आहे तसा चालू दे. मोजायचा नाही.” “आडवं पडायचं नसेल तर खुर्चीत बसा. भिंतीला टेकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.” श्वास रोखण्याची सूचना आम्ही पूर्णच खोडली. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि काचबिंदू असलेल्या वृद्धांसाठी ती एरवीही खोडावयास हवी होती. डोके खाली नेणाऱ्या आसनांचेही तेच. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून खोल वाकणे टाळावे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

‘जड होत आहे, रुतत आहे’ याच्या जागी काय म्हणावे यावर आमचा बराच वेळ गेला. मी ‘हलके होत आहे’ सुचविले. तिने ते नाकारले, आणि तिचेच बरोबर होते. कोणाला काय जाणवावे हे आपण आधीच का सांगायचे? तिने लिहिले: “पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, पाहा. जाणवले नाहीत तरी हरकत नाही.”

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथे सांगतो, कारण उत्साहाच्या भरात चुका होतात. निवड द्यावयाची म्हणून सात-आठ पर्याय सांगितले तर वृद्ध माणूस गोंधळतो. विशेषतः स्मृती क्षीण झालेल्यांना दोन पर्याय पुष्कळ झाले, आणि कधी कधी एकच, ‘नको असेल तर राहू द्या’ या शेपटीसह. दुसरे आवाजाचे. आधाराची भाषा म्हणजे कुजबुज, असा एक समज पसरला आहे. ऐकू कमी येणारे आजोबा ओठ पाहून अर्धे समजून घेतात. त्यांचे डोळे मिटवून वर आवाज बारीक केला तर ते एका अनोळखी शांततेत एकटे पडतात. स्पष्ट, खणखणीत, पण न दरडावणारा आवाज हवा. ‘वा, शाबास, छान’ यांची खैरातही मला फारशी मानवत नाही. आज शाबास म्हटले की उद्या न जमल्याची भीती लागते. आणि ‘ते ऐंशीचे काका बघा, किती वाकतात’ हे तर कोणत्याही वर्गात बोलू नये.

हे केवळ योगशिक्षकांसाठी आहे असे कृपया समजू नका. घरात वृद्धांची सेवा करणारी सून, लेक, मुलगा, पगारी मदतनीस दिवसातून किती वेळा त्यांच्या शरीराला हात लावतात याचा विचार करा. अंघोळ, केस विंचरणे, गुडघ्यांना तेल, इंजेक्शन, कूस बदलणे. “चला आई, उठा, व्यायामाची वेळ झाली” असे म्हणून काखेत हात घालण्याआधी एक क्षण समोर येऊन उभे राहा. “हात धरू का?” एवढे विचारा, आणि उत्तराची वाट पाहा. उत्तर ‘नको’ आले तर दहा मिनिटांनी पुन्हा विचारा. वेळ जातो, मला ठाऊक आहे. सकाळी डबे करून कामावर जाणाऱ्या लेकीला ही दहा मिनिटे कोठून आणायची, असा प्रश्न पडेल. रोज जमणार नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी करा.

आघात म्हणजे केवळ भूकंप नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कर्जापायी मुलगा गमावलेली माउली, कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात तोंडावर मास्क बांधून पंधरा दिवस काढलेले आजोबा, उभे आयुष्य घरात मार खाल्लेली आणि आता विधवा झालेली एखादी काकू, ही सारी माणसे आपल्या वर्गात शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यांनी आपल्याला काही सांगितलेले नसते. सांगण्याची गरजही नाही. म्हणून ही भाषा सर्वांशीच वापरावी, कोणाला ‘तुमच्यासाठी वेगळे’ असे दाखवून नव्हे.

वर्गात किंवा घरी कोणी अचानक घामाघूम झाले, थरथरू लागले, शून्यात पाहू लागले, तर ‘काही होत नाही, घाबरू नका’ असे म्हणू नका. त्यांना होत असते. ‘काय आठवलं?’ असे खोदूही नका. समोर, थोड्या अंतरावर बसा. नाव घेऊन हाक मारा. “आजी, मी अमुक. आपण सभागृहात आहोत, सकाळचे सात वाजलेत, दार उघडं आहे.” डोळे उघडे ठेवू द्या, पाय जमिनीवर टेकू द्या, हाती पाण्याचा पेला द्या. त्या उठून बाहेर जाऊ लागल्या तर अडवू नका, कोणीतरी सोबत जा. मात्र छातीत दुखणे, डाव्या हाताला कळ किंवा तोंड वाकडे होणे अशी लक्षणे असतील तर ती मनाची म्हणून सोडून न देता तत्काळ रुग्णालय गाठा. म्हाताऱ्या माणसात दोन्ही एकदम असू शकते.

योग हा औषधोपचाराला पर्याय नाही. झोप महिनोन्‌महिने गेली असेल, जगणे नको असे बोलणे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. आजींनाही मी तज्ज्ञांकडे पाठविले. एक लहानशी गोळी सुरू झाली, ती त्या रात्री घेतात.

योगवर्गात त्या परतल्या त्या जानेवारीत, खुर्चीत बसून, दाराकडे तोंड करून. दार आता उघडे असते. गोंगाट येतो, येऊ द्या. शिक्षिका कोणाच्या मागे जात नाही. आजी बहुतेक दिवशी हात थोडे वर नेतात, पावले फिरवतात आणि विसाव्याच्या वेळी डोळे उघडे ठेवून बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत बसतात.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तो नांदेडमध्येही जाणवला, आणि वर्ग तेव्हा भरलेला होता. पंखे हलले, खिडक्यांची तावदाने वाजली. शिक्षिकेने मला नंतर सांगितले की क्षणभर तिच्याच तोंडून शब्द फुटेना. मग सवयीने तेच निघाले, “दार उघडं आहे. मी बाहेर जातेय, सोबत या.” आजी तिच्या आधी बाहेर पोहोचल्या होत्या. दहा-बारा मिनिटांनी दुसरा, लहान धक्का बसला. त्या वेळी घाबरून रडू लागलेल्या एका तरुण सुनेजवळ आजी गेल्या आणि म्हणाल्या, “बाई, भितीपासून लांब बस. हात धरू का तुजा?”

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, आणि खुर्ची स्वतःच उचलून दाराच्या आणखी दोन हात जवळ ठेवली.